रत्नागिरीत शिकायला आलात? केक, एसटीची भटकंती आणि पुस्तकं यांची घडी अशी बसवा

मी सोलापूरहून रत्नागिरीला शिकायला आले ती जुलैमध्ये. पहिल्या रविवारी खोलीत दोरीवर कपडे ओले, खिडकीबाहेर पाऊस, मेस संध्याकाळी बंद आणि ओळखीचं कुणी नाही. असे चार-पाच रविवार गेले. पुढे पाच वर्षं इथे काढली आणि रविवारची वाट बघायला लागले, ती तीन गोष्टींमुळे: खोलीत काहीतरी भाजणं, एसटीने एका दिवसात जाऊन येणं आणि वाचनालय. नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी तोंडी सांगत असते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

घाटावरून आलेल्या माणसाला एक सवय इथे बदलावी लागते. इथला दिवस आपल्या सोयीने चालत नाही. गाडीची वेळ, भरती-ओहोटी आणि दमट हवा या तिघांना विचारून बेत करावा लागतो. हे ज्याला लवकर समजतं त्याचे रविवार वाया जात नाहीत.

१. आधी भिंतीवर तिथीचं कॅलेंडर लावा

कालनिर्णय किंवा तिथी दाखवणारं कुठलंही कॅलेंडर चालेल. समुद्रावर जायचं तर भरतीची वेळ माहीत हवी, आणि इथली जुनी माणसं ती तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या सुमाराला भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, दुपारी दीड-पावणेदोनला, पूर्ण ओहोटी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पण दिवसाचा बेत करायला एवढं पुरतं.

संकष्टीला गणपतीपुळ्याला जायचा बेत नवीन मुलं हमखास करतात. चौथीची पाऊणपट तीन. म्हणजे देवळात सगळ्यात जास्त गर्दी असते त्या दिवशी दुपारी तीनला समुद्र भरलेला असतो आणि फिरायला वाळू थोडी उरते. त्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास पोहोचा, किंवा सरळ दुसरा दिवस बघा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप आत जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढ-उतार कमी. हे दोन शब्द लक्षात ठेवा, मच्छीमार बोलताना हेच वापरतात.

२. ओव्हन नको, पण परवानगी हवी

कढईत मिठाचा थर तापवायचा आणि त्याच्या उबेवर झाकण लावून केक भाजायचा. त्यासाठी लागणारं सामान:

- जाड बुडाची कढई किंवा जुना ॲल्युमिनियमचा कुकर, आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण
- अर्धा-पाऊण किलो खडे मीठ
- एक छोटी तिवई किंवा उलटी ठेवायला स्टीलची वाटी
- सहा इंची केकचं भांडं
- दोन हवाबंद डबे
- गॅसची शेगडी (पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो)

इंडक्शनवर हा प्रकार करू नका. बरेच इंडक्शन कोरडं भांडं जास्त तापलं की आपोआप बंद होतात आणि केक अर्धा कच्चा राहतो.

खोली भाड्याने घेतानाच घरमालकीणबाईंना दोन गोष्टी विचारून घ्या: खोलीत गॅस चालेल का, आणि अंडं चालेल का. रत्नागिरीत अंडं न चालणारी घरं बरीच आहेत. आधी विचारलंत तर पुढे संबंध चांगले राहतात, आणि खाली तुम्हाला दिसेलच की त्या संबंधातूनच मला सगळ्यात चांगली गोष्ट भाजायला शिकायला मिळाली.

मिठाऐवजी वाळू वापरायची तर समुद्रावरची वाळू आणू नका. तिच्यात खार, शिंपल्यांचा चुरा आणि ओल असते, तापल्यावर त्या सगळ्याचा वास केकला लागतो. मीठच बरं. पण पावसाळ्यात इथे मीठ पाझरतं, डब्यात पाणी सुटतं. म्हणून भाजायच्या आधी ते कढईत दहा मिनिटं कोरडं परतून घ्या. हे मीठ पुन्हा पुन्हा याच कामाला वापरता येतं. जेवणात मात्र घालू नका.

कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग दोन्ही काढायची. आत पाणी घालायचं नाही आणि शिट्टी लावायची नाही. यात चूक चालणार नाही. रोजच्या वरणभाताचा चांगला कुकर या कामाला घेऊ नका, कोरडा तापून त्याचं बूड खराब होतं. जुन्या बाजारातून एखादा घ्या.

३. पहिला केक रव्याचा

रवा चुकांना माफ करतो, म्हणून सुरुवात त्याने करा. दीड वाटी बारीक रवा, एक वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी दही, एक वाटी दूध, पाव वाटीपेक्षा थोडं जास्त तेल किंवा पातळ केलेलं तूप. सगळं एकत्र करून वीस मिनिटं झाकून ठेवा. रवा फुगतो आणि मिश्रण घट्ट होतं, मग लागेल तसं आणखी दूध घाला. तोवर कढईत मिठाचा थर, त्यावर तिवई, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. अगदी शेवटी मिश्रणात एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खायचा सोडा घालून हलकं ढवळा आणि लगेच भांड्यात ओता. आच बारीक, चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं.

नवीन माणूस चुकतो ते इथे:

- पंधराव्या मिनिटाला झाकण उघडून बघणं. केक मध्ये बसतो आणि पुन्हा वर येत नाही. अर्धा तास हात लावू नका.
- झाकणाला आतून पाणी सुटून ते केकवर ठिबकणं. झाकण सुती फडक्यात गुंडाळून वर गाठ मारा, टोकं ज्योतीपासून लांब ठेवा.
- सोडा आधीच घालून मैत्रिणीचा फोन घेणं. सोडा घातल्यावर थांबायचं नाही.
- गरम केक भांड्यातून काढायची घाई. पूर्ण गार होऊ द्या.

एप्रिल-मे महिन्यात दुधाऐवजी पाऊण वाटी हापूसचा रस आणि गरजेपुरतं दूध घाला, साखर पाऊण वाटीवर आणा. रस गोड असतो, साखर तेवढीच ठेवली तर केक मध्ये चिकट होतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि रत्नागिरीत राहून एकदाही हापूसचा केक न करता परत जाणं मला तरी पटत नाही. केकसाठी डागी, थोडे जास्त पिकलेले आंबे मागा. ते स्वस्तात मिळतात आणि रस त्यांचाच दाट निघतो.

दिवाळीच्या आधी नानकटाई करून बघायची असेल तर प्रमाण सोपं आहे: पाव किलो तूप, पाव किलो पिठीसाखर, अर्धा किलो मैदा. जवळच्या बेकरीत विचारा. पावाची खेप निघाल्यावर भट्टी थोडी निवते, तेव्हा काही बेकरीवाले आपण नेलेली नानकटाई किलोच्या हिशेबाने भाजून देतात. दुपारी गर्दी नसताना जाऊन विचारायचं.

४. तवसाळी: कोकणाचा स्वतःचा केक

माझ्या खोलीच्या खाली घरमालकीण आजी राहायच्या. श्रावणातल्या एका शनिवारी मी केकचं भांडं घासत होते, तर त्या म्हणाल्या, "मैद्याचं काय ते रोज करतेस, आमचं तवसाळं बघ एकदा." हातात हाताएवढं लांब, पिवळं पडत चाललेलं तवसं होतं. कोवळी काकडी नव्हे, पावसाळ्यात मांडवावर मोठी होणारी जून काकडी.

त्यांनी ती सोलली, बिया काढल्या आणि खिसली. सुटलेलं पाणी टाकलं नाही. दोन वाट्या तांदळाच्या कण्या तुपावर भाजल्या, खमंग वास सुटेपर्यंत, रंग बदलू न देता. दुसऱ्या पातेल्यात काकडीचा कीस त्याच्या पाण्यासकट, दीड वाटी गूळ, वाटीभर ओलं खोबरं, चिमूटभर मीठ. गूळ विरघळून उकळी आली की कण्या वैरल्या, वेलची घातली आणि कण्या मऊ होईपर्यंत शिजवलं. मग जाड बुडाच्या टोपाला तूप लावून तळाला हळदीचं पान घातलं आणि मिश्रण थापलं. टोप चुलीवर, झाकणावर निखारे. खालून आणि वरून दोन्हीकडून ऊब. आजींनी झाकणावर तळहात धरून अंदाज घेतला आणि दोन निखारे चिमट्याने उचलून खाली टाकले. "वरची ऊब खालच्यापेक्षा कमी हवी," एवढंच म्हणाल्या. मी कढईत मिठावर जे करत होते ते या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं.

खोलीवर हेच करायचं तर मिठाच्या कढईत बारीक आचेवर पाऊण तास ठेवा. वरून रंग येत नाही, पण कडा सुटतात आणि सुरी कोरडी निघते. सोडा लागत नाही, अंडं लागत नाही. लोण्याचा गोळा ठेवून गरम खा. काही घरी यालाच धोंडस म्हणतात. प्रवासाला हा पदार्थ उत्तम, डब्यात चुरा होत नाही. ओलं खोबरं असल्यामुळे मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

५. सादळण्यावर उपाय

इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बिस्किटं तासाभरात सादळतात, साखरेचे गोळे होतात, मैद्याला जाळी लागते. जून ते सप्टेंबर मैदा-रवा पाव किलोच आणा. रवा आणल्या आणल्या कोरडा भाजून ठेवा. नानकटाई पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. वाफ आत राहिली तर दुसऱ्याच दिवशी मऊ पडते. बेकिंग पावडरीचा डबा उघडला की तारीख लिहून ठेवा, दमट हवेत तिचा जोर लवकर जातो. चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर नवीन आणा.

६. वाचनालयाचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्या

कॉलेजचं ग्रंथालय अभ्यासाला. वाचायला गावातलं वाचनालय हवं. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. असं वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर असणं हे भाग्य आहे, आणि कित्येक मुलं तीन वर्षं त्याच्यावरून जातात, आत जात नाहीत.

वाचनालयात जाताना बरोबर ठेवा:

- आधार कार्डाची प्रत
- कॉलेजचं ओळखपत्र आणि त्याची प्रत
- दोन फोटो
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार किंवा वसतिगृहाचं पत्र)
- अनामत रक्कम आणि वर्गणी, सुटे पैसे

अडचण बहुधा पत्त्याची येते. आधारवर गावचा पत्ता असतो. वाचनालयाला इथला पत्ता हवा असतो, कधी एखाद्या जुन्या सभासदाची सही हवी असते. घरमालक सभासद असतील तर त्यांचीच सही घ्या, माझ्या अर्जावर आजींचीच होती. अनामत परत मिळते, त्यामुळे अनामतीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मार्कशीटच्या फायलीत ठेवा.

पहिल्या दिवशी काय घ्यावं सुचत नसेल तर काउंटरवरच्या माणसाला "कोकणातलं काहीतरी द्या" म्हणा. आपण जिथे राहतो तिथली गावं, खाड्या, माणसं पुस्तकात भेटली की नंतर एसटीच्या पाटीवरची नावं ओळखीची वाटायला लागतात. मला हर्णै, दापोली, गुहागर ही नावं आधी पुस्तकातून भेटली.

दिवाळीत बहुतेक वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात. ती जरूर भरा. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने काढलेल्या अंकापासून ही परंपरा चालत आली आहे. सुट्टीत घरी जाणार असाल तर जायच्या आधी नाव नोंदवा, परत येईपर्यंत चांगले अंक फिरायला लागलेले असतात.

पावसात पुस्तक आणताना-नेताना दोन पिशव्या वापरा, एकीत एक. खोलीत भिंतीला टेकवून ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि मागच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरते. उन्हाची तिरीप आली की पुस्तकं उघडून वाऱ्यावर ठेवा, कडक उन्हात नको. स्वतःच्या पुस्तकांत कडुलिंबाची सुकी पानं घाला, कसर लागत नाही.

७. एसटी: आधी विचारा, मग बसा

ग्रामीण भागातल्या गाड्या बहुतांश रहाटाघर स्थानकातून सुटतात. जायच्या आदल्या दिवशी चौकशीच्या खिडकीवर जाऊन तीन प्रश्न विचारा:

"जायला पहिली गाडी कधी? यायला शेवटची कधी? आणि ती रविवारी आहे का?"

तिसरा प्रश्न विसरू नका. कित्येक फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात, त्या रविवारी आणि सुट्टीत धावत नाहीत.

आता वस्तीची गाडी. संध्याकाळी गावाकडे जाणारी शेवटची गाडी पुष्कळदा रात्री तिथेच मुक्काम करते आणि सकाळी परत निघते. दुसऱ्या वर्षी मी पूर्णगडच्या बाजूला किल्ला बघून रस्त्यावर आले. गाडी येताना दिसली, पुढे जाऊन वळून परत येईल अशा समजुतीने चढले. कंडक्टर काका म्हणाले, "ताई, वस्तीची गाडी आहे, सकाळी सहाला परत." बाहेर अंधार पडत होता. त्यांनीच पुढच्या थांब्यावर उतरवून उलट दिशेने जाणाऱ्या टेम्पोत ओळखीच्या माणसाबरोबर बसवून दिलं. त्या दिवसापासून गाडीत पाय ठेवायच्या आधी मी विचारते, "परत कधी?" तुम्हीही विचारा.

पाटीवर शेवटचं गाव असतं, मार्ग नसतो असंही होतं. गणपतीपुळ्याला जाताना "आरे-वारेवरून की चाफ्यावरून?" असं विचारा. आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या कडेने जातो, टेकडी चढून वर आल्यावर दोन्ही किनारे एकदम दिसतात. जाताना डावीकडची खिडकी धरा.

मुलींना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, राज्यभर. सलग सुट्टी असेल तर 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास चौकशीला विचारा. रेल्वेने जायचं तर स्टेशन कुवारबावला, गावाबाहेर आहे, रिक्षाचा वेळ धरा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुनं पाठ असेल तर गाडी चुकते.

८. पहिल्या चार सहली

*गावातल्या गावात.* पहिल्या महिन्यात हीच करा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर (जन्म २३ जुलै १८५६), तिथून पतितपावन मंदिर, १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं, सर्वांना प्रवेश असलेलं. दुपारी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी राज्य घेऊन इथे आणून ठेवलं, १९१० च्या सुमाराला हा वाडा बांधला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. वरच्या मजल्यावरून खाडी दिसते. घरापासून लांब राहायला आलेल्या कुणालाही त्या खिडकीत थोडा वेळ उभं राहावंसं वाटतं. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, रविवारी जा. संध्याकाळी रत्नदुर्गावर, भगवतीच्या देवळापाशी. तीन बाजूंनी समुद्र.

*मालगुंड आणि गणपतीपुळे.* मालगुंड हे केशवसुतांचं गाव. त्यांचं घर आणि स्मारक नीट जपलेलं आहे, आवारात कविता कोरून लावल्या आहेत. आदल्या आठवड्यात वाचनालयातून त्यांच्या कवितांचं पुस्तक आणा आणि तिथल्या पडवीत बसून वाचा. मी तवसाळीचा डबा आणि ते पुस्तक घेऊन गेले होते, दुपारचे दोन तास कुणी आलं नाही. त्यानंतर पुळ्याला जा, अंतर थोडंच आहे. पुळ्याच्या समुद्रात मात्र पोहायला उतरू नका. तिथे तळ एकदम खोल जातो आणि पाणी आत ओढतं, दरवर्षी माणसं जातात. पावसाळ्यात घोटाभर पाण्यातही नको.

*पावस आणि पूर्णगड.* सकाळी पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी शांत बसा, मग पूर्णगड. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथला छोटा किल्ला, अर्ध्या तासात बघून होतो. तटावर बसून वाचायला याहून चांगली जागा मला सापडली नाही. परतीच्या गाडीचं वर सांगितलंच आहे.

*जयगड.* किल्ला, दीपगृह आणि जेटी. जेटीवरून फेरीबोट शास्त्री नदीचं मुख ओलांडून पलीकडे तवसाळला जाते, गाड्या-माणसं सगळी घेऊन. पाण्यावरची ती मिनिटं फार सुंदर असतात. परतीच्या बोटीची वेळ चढतानाच विचारून घ्या. ही सहल हिवाळ्यात करा.

भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला लांबवर चालता येतं, पण काजळी नदीच्या मुखाशी पाणी उथळ दिसलं तरी ओलांडायला जाऊ नका. भरती फिरली की तिथे जोर फार असतो.

९. पिशवीत काय

डबा, दोन बाटल्या पाणी (किल्ल्यांवर मिळेलच असं नाही), छत्री बारा महिने, टोपी, दोन पिशव्यांत पुस्तक, सुटे पैसे, चार्ज केलेला फोन आणि कागदावर लिहिलेल्या गाडीच्या वेळा. किनाऱ्याजवळच्या कित्येक वाड्यांत रेंज नसते, तेव्हा कागदच कामाला येतो. डब्यात एक तुकडा जास्त ठेवा. गाडीत शेजारी बसलेली आजी आपल्या पिशवीतून काजूगर किंवा करवंदं काढून हातावर ठेवते, तेव्हा आपल्याकडेही द्यायला काहीतरी असावं.

शेवटच्या वर्षी परीक्षेआधीच पुस्तकं परत करून अनामत घेऊन टाका. निकालानंतर खोली रिकामी करायच्या गडबडीत ती पावती कुठल्या पेटीत गेली ते सापडत नाही. मिठाची कढई आणि तिवई मात्र घरी नेऊ नका, पुढच्या जुलैत त्या खोलीत येणाऱ्या मुलीसाठी तिथेच ठेवा.